सतरावा प्रश्न

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असं पत्र पाठवलं, त्याला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्रात त्यांनी, तुमचा होकार गृहीत धरला आहे, असं कळवलं. माझ्या गप्प राहण्याचा लोक काय अर्थ लावतील हे मला कधीच आधी कळत नाही. एकदा तर त्यावरून एक बँक बुडाली. निदान तसं म्हणता येईल. ती बुडाली, की आम्ही बुडवली, की बुडणारच होती, हे मला इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. आणि मी ज्या ग्रंथासाठी ते काम करत होते, त्यात याच प्रश्नाचं उत्तर आहे असं जाणकार मानतात.

माझ्या नोकरीला नाव नव्हतं. आई शेजारणींना सांगे, "टायपिंग करते." वडील बेळगावच्या कोर्टात वकील, ते बाररूममध्ये सांगत, "प्राध्यापकांना ग्रंथलेखनात मदत करते." दोन्ही खरं होतं आणि दोन्हींतून कोणाला काही कळत नव्हतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या बायका मला 'प्रश्नाची बाई' म्हणत, ते त्यातल्या त्यात बरोबर होतं.

प्राध्यापक म्हणजे हुदलीकर सर. मुंबईला त्यांनी अर्थशास्त्र शिकवलं, त्याआधी स्वतः लंडनला शिकले, आणि निवृत्त झाल्यावर बेळगावला टिळकवाडीत एक घर बांधून त्यात पुस्तकं आणि स्वतः असे राहू लागले. युद्धाच्या आधीची गोष्ट. जगभरची मंदी नुकती कुठे ओसरत होती आणि दक्षिणेकडची एक मोठी बँक कोसळल्याची बातमी ताजी होती. बँका का बुडतात आणि सरकारनं त्यांना कायद्यानं आवर घालावा का, यावर सर इंग्रजीत ग्रंथ लिहीत होते. त्यांना टायपिंग येणारी, इंग्रजी चुकांशिवाय लिहिणारी आणि खेडोपाडी बरोबर नेता येईल अशी व्यक्ती हवी होती. मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते. इंग्रजी चांगलं होतं. मराठी घरची होती, पण कोणी मराठीत पटकन काही विचारलं की उत्तर आधी इंग्रजीत सुचे, आणि त्याचं मराठी करेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे.

सरांच्या अभ्यासिकेत आर्थिक संकटांवरची पुस्तकं एका भिंतीभर होती. काहींच्या मते सगळा घोळ सोन्याचा, सोनं एका देशातून दुसऱ्या देशात गेलं की मागे पडझड होते. काहींच्या मते दोष सावकारी हावेचा, चांगल्या काळात कोणालाही कर्ज देतात आणि वाईट काळात ते एकदम मागायला लागतात. आणखी काही म्हणत की संकट मुळात माणसांच्या डोक्यात सुरू होतं. बँक बुडेल असं पुरेशा लोकांना वाटलं, की ती बुडते. मी टिपणं काढायला जे पुस्तक हातात घेई, त्याचं मला पटे. ते मिटून दुसरं उघडलं की दुसऱ्याचं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमची प्रगती चांगली आहे, कमलाबाई. मला वीस वर्षं तसंच होतंय."

बाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं. आपण बँकेत ठेवलेला पैसा तिथे नसतो. त्यातला थोडासा तिजोरीत असतो, बाकीचा कोणाला तरी कर्जाऊ दिलेला असतो, कोणाच्या तरी गुळात किंवा तंबाखूत अडकलेला असतो. रोज थोडेच लोक पैसे मागायला येतात, म्हणून हे चालतं. सगळे एकाच दिवशी आले तर जगातली कुठलीही बँक उभी राहत नाही. सरांचं म्हणणं असं की बँक दोन तऱ्हांनी बुडते. एक आतून, म्हणजे कर्जं सडलेली असतात; त्यावर कायदा करता येतो, किती रोख हाताशी ठेवायची, संचालकांच्या नातेवाइकांना किती द्यायचं. दुसरी बाहेरून, म्हणजे नुसत्या भीतीनं. तिला कुठला कायदा लागू होत नाही. बुडालेल्या प्रत्येक बँकेचं आमच्याकडे एक कार्ड होतं, आणि कार्डांसाठी दोन लाकडी पेट्या. डावी 'आतून', उजवी 'बाहेरून'. प्रत्येक कार्ड कुठल्या तरी एका पेटीत गेलंच पाहिजे, हा नियम.

भीती मोजायला सरांनी तेवीस प्रश्नांची प्रश्नावली केली. त्यांनी ती इंग्रजीत सांगितली, मी मराठीत लिहिली, खडेबाजारातल्या छापखान्यात छापून घेतली. सतरावा प्रश्न होता: 'ही बँक उद्या बंद पडली, तर तुम्ही काय कराल?'

प्रश्न विचारण्याची सरांची शिस्त कडक होती. विचारणाऱ्यानं आपलं मत द्यायचं नाही, मान हलवायची नाही, हसायचं नाही, उलट प्रश्न आला तर उत्तर द्यायचं नाही. नाहीतर समोरच्याची उत्तरं बिघडतात. हे काम जणू माझ्यासाठीच निघालं होतं. मी आयुष्यभर जे करत आले होते, त्यालाच आता पद्धत म्हणत होते.

सुरुवात खानापूर भागातून केली. तिथे काही बिघडलं नाही. लाकडाच्या एका व्यापाऱ्यानं सतराव्या प्रश्नाला, "मागच्या दारानं जाऊन बघीन," असं सांगितलं. कणकुंबीकडच्या एका म्हाताऱ्यानं तेवीसही प्रश्न शांतपणे ऐकले आणि शेवटी बँक म्हणजे काय ते विचारलं. मी शिस्तीप्रमाणे गप्प राहिले. तो म्हणाला, "तुमास्नी बी ठावं न्हाय व्हय? मग राहू द्या." भात त्याच्या घरात होतं आणि त्याला कसली भीती नव्हती. सर कार्डावर लिहून घेताना खूश होते. मलाही वाटलं की हे मला जमतंय.

मग बेळगाव शहरातल्या पेठा केल्या, आणि मग निपाणी. सर्व्हिस मोटारीनं संकेश्वरवरून गेलो. गावात शिरायच्या आधीच नाकाला तंबाखू लागली. पहिले दोन दिवस मी प्रत्येक प्रश्नामागे एकदा शिंकले, आणि वखारीतल्या बायका मोजत होत्या.

तिथली बँक लहान होती. बाजाराच्या रस्त्यावर सहा दगडी पायऱ्या, वर एक लांबट खोली. व्यवस्थापक आप्पासाहेब कोगनोळे, पन्नाशीचे, कोटाच्या खिशात दोन पेनं असलेले. त्यांनी एक नवीन गोष्ट केली होती. पगाराच्या दिवशी ते एक कारकून आणि पेटी वखारींच्या दारात पाठवत, आणि बायका तिथल्या तिथे चार-आठ आणे पासबुकात ठेवत. आधी ते पैसे लुगड्याच्या गाठीत राहत आणि घरी गेल्यावर नवरा सोडून घेई. पासबुक नवऱ्याला सोडता येत नव्हतं. आप्पासाहेबांना याचा अभिमान होता आणि तो रास्त होता. सरांची ओळख निघताच त्यांनी चहा मागवला, बँकेच्या शिक्क्यानिशी वखारवाल्यांना पत्र दिलं की या मंडळींना सहकार्य करावं, आणि आमची प्रश्नावली न वाचताच परत दिली. ती त्यांनी वाचायला हवी होती असं मला आज वाटतं. मी वाचून दाखवायला हवी होती, असंही वाटतं.

गंगूआक्का एका वखारीत चाळणीवाल्या बायकांची मुकादमीण होती. डोक्याला घट्ट फडकं, भुवयांवर पिवळी धूळ. ती चाळणी न थांबवता उत्तरं देत होती. पैसे कशासाठी साठवता, या नवव्या प्रश्नाला तिनं सांगितलं की पोरीला मिरजेला नर्सच्या शिक्षणाला घालायचंय. शांता तिचं नाव. दोन वर्षांच्या राहण्या-खाण्याचं जमलं की पाठवणार. "हितं तंबाखूत न्हाय आणायची तिला. माझं नाक गेलं तेवढं बास."

मग मी सतरावा प्रश्न वाचला.

चाळणी थांबली. आजूबाजूच्या चार-पाच चाळण्याही थांबल्या.

"का वं बाई," ती म्हणाली, "बंद पडणार हाय व्हय?"

मी कागदाकडे बघितलं. उत्तर माझ्याजवळ होतं, इंग्रजीत. हे केवळ कल्पनेनं विचारलं आहे, असं काहीतरी. त्याचं मराठी शोधत होते, आणि शिवाय शिस्त होती. ती माझा चेहरा बराच वेळ निरखून बघत राहिली. मी पायातल्या बुटांसकट, हातातल्या चामडी पिशवीसकट, बँकेच्या शिक्क्याच्या पत्रासकट तिच्यासमोर उभी होते, आणि गप्प होते.

"बरं," ती म्हणाली. "फुडचं इचारा."

पुढचे सहा प्रश्न मी विचारले. तिनं सहांचीही उत्तरं दिली. त्याच दुपारी ती मालकाला पोटदुखी सांगून बँकेत गेली आणि पासबुकातला सगळा पैसा काढून आली. बँकेनं कुरकुर न करता दिला. हे मला नंतर कळलं. मी तेव्हा मुसाफिरी बंगल्यावर तिचंच कार्ड भरत होते. सतराव्या प्रश्नासमोर मी लिहिलं: 'उत्तर नाही'.

दुसरा दिवस बाजाराचा. सकाळी आठालाच बँकेच्या पायऱ्या बायकांनी भरल्या होत्या. रोजंदारी बुडवून आल्या होत्या. पाठोपाठ भाजीवाले, मग विडीवाले, मग ज्यांचं बँकेत काहीच नव्हतं असेही लोक, गर्दी कशाला आहे ते बघायला. सगळीकडे तंबाखूची धूळ आणि शिंका. कोणी काही ओरडत नव्हतं. प्रत्येकजण पुढच्याला शांतपणे विचारत होता, आणि पुढचा सांगत होता की बेळगावची सरकारी बाई येऊन गेली, तिनं बँक कुठल्या दिवशी बंद पडणार तेही सांगितलंय. त्यांच्या मते तो दिवस आजचा होता. माझ्या प्रश्नात 'उद्या' असं लिहिलेलं होतं.

आत कारकून सगळं सुट्ट्या आण्यांत, एकेक मोजून देत होता. बँकेनं वेळ काढायची ही जुनी युक्ती सरांनी लंडनला पुस्तकात वाचली होती. ती प्रत्यक्ष बघून त्यांनी वही काढली. मी त्यांच्या बाहीला हात लावला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. त्या क्षणापर्यंत ही गर्दी आपली आहे हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

आप्पासाहेब मागच्या दारानं आम्हांला आत घेऊन गेले. त्यांनी रागाचं काही म्हटलं नाही. ते सरांना म्हणाले, "सर, परवा चहा घेताना तुम्हीच सांगितलंत. अशा वेळी लोकांचा विश्वास असलेल्या एका माणसानं उभं राहून 'बँक ठीक आहे' म्हटलं, तर गर्दी ओसरते."

"सांगितलं होतं," सर म्हणाले.

"मग उभं राहा."

सर खोलीत तीन-चार फेऱ्या घालून थांबले. "पण मी तुमची कर्जखाती बघितलेली नाहीत. ठीक आहे की नाही ते मला माहीत नाही."

"मी सांगतो ना, ठीक आहे."

"तुम्ही सांगणारच, आप्पासाहेब."

सर भित्रे नव्हते. त्यांनी आयुष्यभर पुराव्याशिवाय एक वाक्य लिहिलेलं नव्हतं आणि पायरीवर उभं राहिल्यानं ते बदलणार नव्हतं. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्हींतलं कुठलं बरोबर हे अजून ठरलेलं नाही.

मग आप्पासाहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही खोटं काही सांगू नका. एवढंच सांगा की हा प्रश्न तुम्ही सगळ्याच गावांत विचारला होता. हे तर खरं आहे?"

खरं होतं. मी मान हलवली, महिन्याभरात पहिल्यांदा.

पायरीवर उभी राहिले. गर्दीत गंगूआक्का नव्हती. तिला यायचं कारण उरलं नव्हतं. शेकडो चेहरे माझ्याकडे होते. आदल्या दिवशी न सापडलेलं मराठी मी त्या क्षणी गोळा केलं आणि बोलले. या बँकेविषयी आम्हांला काही माहिती नाही. हा प्रश्न आम्ही सगळीकडे विचारतो. खानापूरला विचारला, बेळगावला विचारला, तिथल्या सगळ्या बँकांविषयी हाच प्रश्न विचारला.

आवाज बारीक होता, पण पहिल्या रांगेला ऐकू गेला. पहिल्या रांगेनं मागे सांगितलं. क्षणभर खरोखरच शांत झालं. मग एक पागोटेवाला गृहस्थ विचार करून म्हणाला, "म्हंजे खानापूरची बी बुडणार. बेळगावची बी. समद्याच बुडायला लागल्यात."

त्यानंतर मात्र ढकलाढकली झाली.

बँकेनं दुसऱ्या दिवशी दुपारी दार लावलं ते पुन्हा उघडलं नाही. लोक गेल्यावर आप्पासाहेब पायरीवर बसून होते. आम्ही मोटार पकडायला निघालो, तेव्हा मी त्यांच्याजवळ थांबले. तेच म्हणाले, "बाई, काल तुम्ही एवढ्या लोकांपुढं बोललात. परवा त्या गंगूला एकटीला एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

मी शिस्तीविषयी सांगू शकले असते. सांगितलं नाही.

पुढे वर्षभरानं बँकेची खाती तपासली गेली. मोठी कर्जं आप्पासाहेबांच्या मेहुण्याच्या वखारींना दिलेली होती आणि तिथली तंबाखू मंदीपासून न विकता पडून होती. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराच्या पडझडीनं कुठे कुठे हात घातला होता, याचं सरांना हवं तसं उदाहरण मिळालं. तपासणाऱ्यांनी सांगितलं की आणखी हंगाम-दोन हंगाम बँक चालली असती. पण त्याच वर्षी युद्ध सुरू झालं, आणि तंबाखूचे भाव असे चढले की त्याच वखारींतला तोच माल सोन्यासारखा गेला. म्हणजे आणखी काही महिने निघाले असते, तर सडलेली कर्जं चांगली ठरली असती. वखारीतल्या बायकांना शेवटी रुपयामागे काही आणे मिळाले, तेही अंगठे उठवून उठवून.

निपाणीचं कार्ड मी डाव्या पेटीत ठेवलं. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. सरांना विचारलं की आतून की बाहेरून. ते म्हणाले, "पेट्या दोनच करायला नको होत्या." पण ग्रंथाची सगळी मांडणी तोवर दोन पेट्यांवर उभी होती. नवव्या प्रकरणात निपाणीची बँक 'आतून' गेली. मी ते टाइप केलं. 'आमच्याविषयी काही लिहायचं नाही का?' असं मी एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. तोंडानं विचारवलं नाही. त्यांनी त्याच दिवशी एक तळटीप सांगितली: चौकशी करणारे त्या वेळी गावात उपस्थित होते. विलायतेच्या एका नियतकालिकात ग्रंथाचं परीक्षण आलं, त्यात या योगायोगाबद्दल लेखकाचं अभिनंदन केलेलं होतं. सरांनी ते मला वाचून दाखवलं नाही. मी कात्रण लावताना वाचलं.

कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, कुठल्याच पेटीत नाही.

यंदा उन्हाळ्यात सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी त्यांच्या सोबतीला बेळगावच्या इस्पितळात होते. पट्टी बदलायला एक तरुण नर्स येई. तिसऱ्या दिवशी सरांचं आडनाव वाचून तिनं मला विचारलं, तुम्ही कधी निपाणीला आलतात का. मी हो म्हटलं.

"मी गंगूची शांता," ती म्हणाली. "आई सांगती, एका बाईनं आमचं वाचिवलं. तोंडानं न्हाय बोलली, तिला परवानगी नव्हती. पर गप्प ऱ्हाऊन समदं सांगितलं."

या वेळी मी लगेच बोलले. सांगितलं की मला काहीही माहीत नव्हतं. बँकेविषयी एक अक्षरही माहीत नव्हतं. मला मराठीत उत्तर सुचलं नाही, म्हणून गप्प राहिले.

शांता हसली. "आई म्हणलीच होती, ती बाई कबूल करायची न्हाय."

मी सरांकडे बघितलं. डोळ्यांवर पट्टी होती, पण ते ऐकत होते. वखारीतल्या बाकीच्या बायकांचं काय झालं, असं मी विचारलं. शांता म्हणाली, त्या अजून चाळण्यावरच हायत, आईशी बोलत न्हाईत. तिनं हे साधेपणानं सांगितलं आणि सरांच्या डोक्याखालची उशी नीट केली.

मग ती दारापर्यंत जाऊन परत आली. आवाज खाली आणून म्हणाली, "मला आता पगार सुरू झालाय. हितल्या बँकेत ठेवू का नको, तेवढं सांगा."

बँकांसाठी नवा कायदा येणार आहे. त्याच्या मसुद्यावरची टिपणं गेल्याच आठवड्यात मी टाइप केली. रोख किती ठेवायची, तपासणी कोणी करायची, सगळं त्यात आहे. त्यातलं काय तिला सांगावं, कुठून सुरू करावं, ठेव म्हणावं तर कशाच्या भरवशावर आणि नको म्हणावं तर कशाच्या, मी शोधत होते.

शांता माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, तिच्या आईसारखीच.

"बरं," ती म्हणाली. "कळलं मला." आणि पुढच्या खोलीत गेली.